विश्वासाच्या यादीतलं घर

माझ्या लेकीचं मन मला न सांगता कळतं, असं आमच्या भावकीत सगळीकडं बोललं जातं. कुणाच्या घरी मुलीचं लग्न निघालं की माझं उदाहरण देतात. ते खरं नाही. मला काही कळलं नव्हतं. मी तिच्या लॅपटॉपमध्ये चोरवाट काढून तिचं खासगी बोलणं वाचलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, आणि लेकीला तर नाहीच.

आता लिहायला बसलोच आहे तर आडपडदा ठेवत नाही.

मी सांगलीत एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. मशीन चालू ठेवायची, नेट चालू ठेवायचं, पोरांनी बिघडवलेलं सरळ करायचं. ह्या कामात फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ते मला मानवलं. आम्ही मूळचे वडूजकडचे. वडील निम्मं वर्ष मेंढरांमागं बाहेर असायचे, आणि घरी आले तरी मेंढरांशी बोलायचे त्याहून कमी आमच्याशी बोलायचे. थोरला भाऊ आईवर गेला, त्याच्या तोंडाला खळ नसतो. मी वडिलांवर गेलो. मला विचारता येत नाही. एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला तर 'काय झालं' हे दोन शब्द माझ्या घशात अडकतात, आणि मी उठून पंखा कमी-जास्त करतो.

लेकीशी मात्र मी बोलायचो. निदान कॉम्प्युटरबद्दल तरी. तिनं बारावीनंतर लॅपटॉप घेतला तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो मांडून बसलो होतो. त्या वेळी ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डाव्या हाताला छोटं कुलूप दिसायचं. आता बऱ्याच ठिकाणी ते काढून टाकलंय.

"पप्पा, हे कुलूप कशाचं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "आपल्याकडं अनोळखी स्थळ आलं तर आपण काय करतो?"

"चहा करतो."

"त्याच्या आधी."

"मधे कोण आहे ते विचारतो."

"हां. मधला माणूस ओळखीचा निघाला की पुढं बोलणं. नाहीतर नाही. ब्राउझरचं तसंच असतं. कुठलीही साइट उघडली की ती आपलं प्रमाणपत्र दाखवते. त्यावर कुणातरी मधल्याची सही असते. ब्राउझर आपल्याकडची विश्वासाच्या माणसांची यादी काढतो. सही करणारा यादीत असला की कुलूप लागतं. मग तू आणि ती साइट काय बोलताय ते वाटेत कुणाला वाचता येत नाही."

तिला हे फार आवडलं. तिनं कुलपावर बोट ठेवलं. "आणि त्या यादीतच कुणी लबाड घुसला तर?"

"तर कुलूप दिसत राहतं. पण त्याला अर्थ नाही. तो मधे बसून सगळं वाचू शकतो."

"मग ती यादी कोण सांभाळतं?"

"ब्राउझर आणि कॉम्प्युटर बनवणारे सांभाळतात," मी म्हटलं. आणि बाप म्हणून जरा ऐट आणून पुढं म्हटलं, "तुझी मी सांभाळतो."

त्या दिवशी मी तिला एक नियमही घालून दिला. आमच्या लॅबमध्ये पोरांना वाईट सवय लागलेली होती. 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' असं लाल पान समोर आलं की ती वाचायचीच नाहीत. खाली कोपऱ्यातला बारीक दुवा शोधून खटकन पुढं जायची. त्यात पोरांचाही फार दोष नव्हता. जुन्या मशीनमधली घड्याळाची बॅटरी मेली की मशीनला वाटतं आपण कित्येक वर्षं मागं आहोत, आणि त्याला सगळीच प्रमाणपत्रं खोटी वाटायला लागतात. म्हणून मी लेकीला शिकवलं, की लाल पान आलं तर पुढं जायचं नाही. आधी तारीख बघायची. तारीख बरोबर असेल तर मला हाक मारायची. तिनं तो नियम शाळेच्या प्रार्थनेसारखा पाळला.

ती एम.एस्सी. झाली आणि थोरल्या भावानं स्थळ आणलं. मुलगा फौजेत, वडील निवृत्त सुभेदार, घर कडेगावच्या बाजूला वस्तीवर. तिकडं पाणी आल्यापासून त्यांची मेंढरं जाऊन ऊस आलेला. मधला माणूस म्हणून उभा होता माझा थोरलाच, त्यामुळं चौकशीचा प्रश्न नव्हता. बघण्याचा कार्यक्रम झाला. माणसं खरंच चांगली होती. सुभेदारांनी लेकीला एकच प्रश्न विचारला, "आमच्याकडं वीज लय जाती, चालंल न्हवं?" सगळे हसले. लेकही हसली. नंतर मी तिला 'कसं वाटलं' हे विचारलं नाही, तिच्या आईनं विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." सुपारी फोडायचा रविवार ठरला.

मग थोरल्याचा फोन आला.

"समदं जुळलंय बघ. पर एक इचारू का? पोरगी कुठं गुतली न्हाई न्हवं?"

"नाही."

"तुला काय म्हाईत? तू इचारलंस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आजकाल त्या फोनात काय चाललेलं असतंय, आमास्नी कळत न्हाई गड्या. तू कॉम्प्युटरवाला हाईस. म्या शब्द दिलाय तितं. उद्या काय इपरीत झालं तर माझं तोंड काळं हुतंय. जरा बघ."

तो 'बघ' म्हणाला त्याचा अर्थ 'पोरीला विचार' असा होता. एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण विचारणं मला जमत नव्हतं आणि दुसरं काहीतरी जमत होतं. लेक त्या दिवसांत गप्प गप्प असायची. लॅपटॉपवर टाइप करत बसायची, आणि मी खोलीत आलो की झाकण अर्धं खाली यायचं. पूर्ण बंद नाही, अर्धं. मला त्या अर्ध्या झाकणाचा राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली, पण राग आला असं म्हणणं मला सोपं गेलं.

सुपारीची साडी घ्यायला मायलेकी बाजारात गेल्या त्या दुपारी मी ते केलं. लॅबमधून निकालात काढलेलं एक मशीन माळ्यावर पडून होतं, ते खाली काढलं. तिच्या लॅपटॉपचं सगळं येणं-जाणं त्या मशीनमधून होईल अशी व्यवस्था केली. कॉलेजच्या नेटवर पोरं काय बघतात ते तपासायला अशी सोय असते, ती मीच बसवलेली होती, त्यामुळं अवघड काही नव्हतं. त्यासाठी एक प्रमाणपत्र तयार करावं लागतं, स्वतःच स्वतःवर सही केलेलं. आणि ते समोरच्याच्या लॅपटॉपमधल्या विश्वासाच्या यादीत घालावं लागतं. म्हणजे मीच मधला माणूस झालो, आणि माझ्या ओळखीचा दाखला देणाराही मीच.

प्रमाणपत्राला नाव द्यायला एक चौकोन येतो. मी थोडा वेळ त्या चौकोनाकडं बघत बसलो. मग इंग्रजी अक्षरांत 'घर' असं टाइप केलं. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. आपण चोरी करत नाही, घरातलंच काहीतरी करतोय, असं वाटून घ्यायचं असेल.

लॅपटॉपनं शेवटचं विचारलं, ह्यावर विश्वास ठेवायचा का? चांगला मोठा परिच्छेद लिहून सावध केलं. मी लेकीच्या वतीनं 'हो' दाबलं.

मग ब्राउझर उघडून बघितला. कुलूप होतं तसं होतं. मायलेकी आल्या, लेकीनं साडी अंगावर धरून दाखवली, हिरवी होती. मी म्हटलं, छान आहे.

दुसऱ्या दिवशी मी चहा पीत होतो आणि आतून हाक आली.

"पप्पा, लाल पान आलंय!"

मी कप ठेवून आत गेलो. तिनं कुठल्याशा फॉर्मसाठी दुसरा एक ब्राउझर उतरवून घेतला होता. मी हे विसरलो होतो. हा ब्राउझर कॉम्प्युटरची यादी मानत नाही, स्वतःची वेगळी यादी बाळगतो. त्या यादीत मी नव्हतो.

"तारीख बघ," मी म्हटलं.

"बघितली. बरोबर आहे." ती स्क्रीनजवळ तोंड नेऊन वाचायला लागली. "ह्यात लिहिलंय की मधे कुणीतरी असू शकतं. पुढं जायचा दुवाच देत नाहीये. म्हणजे मोठंच काहीतरी असणार, नाही का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. उलट समाधान होतं, नियम नीट पाळल्याचं. तोवर मी तिचा एक शब्दही वाचला नव्हता. त्या क्षणी थांबता आलं असतं. तो ब्राउझर मला थांबायची संधीच देत होता असं म्हटलं तरी चालेल.

मी म्हटलं, "तो ब्राउझर असाच आहे. उगाच घाबरवतो. काढून टाक तो, तुझा नेहमीचाच वापर."

"खरंच?"

"अगं, मी सांगतोय ना."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि त्या घरात जो एकटा खरं बोलत होता त्याला तिनं माझ्यासमोर काढून टाकलं. वर "थँक्यू पप्पा" म्हणाली.

पुढं मी तिची पत्रं वाचली ह्याचं मला वाईट वाटतं. पण ह्या "थँक्यू"चं जास्त वाटतं.

वाचायला लागलो ते त्या जुन्या मशीनवर, सकाळी कॉलेजला निघायच्या आधी, ती अंघोळीला गेली की. पुण्याला गेलेल्या एका मैत्रिणीला ती लांबलचक मेल लिहायची, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. कुणात गुंतलेली वगैरे काही नव्हती. आईनं पोहे ढवळून लगदा केला त्याची नक्कल होती. माझीही होती. 'पाहुणे आले तेव्हा पप्पांनी पंखा सात वेळा कमी-जास्त केला, मी मोजलं.' ते वाचून मला हसू आलं, आणि मी चोरून हसतोय हे लक्षात आल्यावर थांबलं.

सुपारीच्या आधीच्या बुधवारी जे वाचलं ते मला पाठ आहे. तिनं लिहिलं होतं, मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, तक्रार करायला जागाच नाही. पण महाबळेश्वरजवळ एका लॅबमध्ये मला बोलावलंय. स्ट्रॉबेरीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवतात तिथं. मला ते काम करायचंय. लग्न नंतर केलं तरी चालेल. पण पप्पा किती वर्षांनी असे खूश दिसतायत. मी नाही म्हणाले तर ते ओरडणार नाहीत. ओरडले असते तर मी भांडले असते गं. ते नुसते गप्प बसतील, आणि ते मला सहन होत नाही. जाऊ दे, हो म्हणून टाकते.

न्हाणीघरातून बादलीचा आवाज येत होता. मी स्क्रीन बंद केली आणि बूट घालून निघालो. कॉलेजवर पोचल्यावर लक्षात आलं, डबा राहिला.

मी खूश होतो का? थोरला खूश होता, म्हणून मी होतो. लेकीनं माझा चेहरा बघून अंदाज बांधला होता, आणि मी तिचं पत्र वाचून. एकमेकांसमोर जेवायला बसणारी आम्ही दोन माणसं, पण विचारलं कुणीच कुणाला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गावी गेलो. थोरला गोठ्यात होता.

"सुपारी नको," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी तारखेचं बोलतोय. "मग पुढल्या आयतवारी घिऊ की."

"कधीच नको. मोडून टाक."

तो वळला. "काय सापडलं का?"

"काही नाही. पोरीचं काहीच नाही. माझाच जीव होत नाही तिला इतक्यात द्यायचा."

"जीव?" तो ओरडला. "पोरगी काय लंकेला चाललीया व्हय रं? कडेगाव हाय ते! सकाळी बसलास की जेवायला पोचतूस!"

 त्यानं हातातली वैरण खाली टाकली. "आता त्या सुभेदाराला काय सांगू म्या? बापाला पोरगी सोडवंना म्हणून? आं? दाढीमिशावाला बाप्या तू!"

"तसंच सांग."

त्यानं तसंच सांगितलं. स्वतः कडेगावला गेला, दुसऱ्याच्या दारात उभा राहून माझ्या वाटची माफी मागून आला, आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. बोलायला लागल्यावर मात्र पहिलं वाक्य हे बोलला, "तुझंच खरं हुतं. पोरीचं मन तुला कळलं, आमास्नी न्हाई कळलं." मला त्याच्या शिव्या परवडल्या असत्या.

मी गावाहून परत आलो ती संध्याकाळ. लेक अंगणात वाळलेले कपडे काढत होती. मी सांगितलं, "सुपारीचं मोडलं मी. तुला पुढं काय करायचं असेल ते कर." लॅबचं नाव तोंडावर आलं होतं, ते गिळलं. तिनं मला लॅबबद्दल सांगितलेलंच नव्हतं ना.

ती कपडे छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग रडायला लागली. "पप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

हा प्रश्न फार सरळ होता. ह्याचं उत्तरही सरळ होतं. मी काही बोललो नाही. जन्मभर मी गप्प बसलो, तेव्हा त्यात काही असतं असं कुणाला वाटलं नाही. त्या एकाच दिवशी सगळ्यांना त्यात माया दिसली. ती कपड्यांसकट माझ्या गळ्यात पडली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. तिच्या केसांना वाळलेल्या कपड्यांचा, उन्हाचा वास येत होता. मी हात कुठं ठेवावा ते न कळून तिच्या डोक्यावर ठेवला.

बायको दारातून बघत होती. रात्रीच्या भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "माझं डोकं दुखतंय हे तुम्हाला सांगूनसुद्धा कळत नाही. आणि हिचं न सांगता कळलं?"

मी म्हटलं, "भाकरी करपतीय."

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी ते मशीन सोडवलं, ज्या किल्लीनं प्रमाणपत्रावर सही केली होती ती पुसली, आतली डिस्क फोडून भंगारात घातली. आता त्या वाटेनं कुणालाच काही वाचता येणार नाही, मलाही नाही. पण लॅपटॉपच्या यादीत 'घर' तसंच राहिलं. काढायला दोन मिनिटं लागतात. आज काढू, उद्या काढू म्हणेपर्यंत लेक सामान बांधून डोंगरावर गेली. त्या प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची होती. कमी घालता आली असती, पण मुदतीच्या चौकोनात आधीच जे लिहिलेलं होतं तेच मी राहू दिलं होतं.

त्यानंतर आमच्यात एक गोष्ट सुरू झाली, तिचं काय करावं ते मला कळत नाही. लेक रोज फोन करते. आईला करते तो वेगळा, मला करते तो वेगळा. बाटल्या कशा उकळतात, आत जाताना कोट कसा घालतात, शिंक आली तर कसं पळत बाहेर यावं लागतं. सगळं सांगते. मी 'हं, हं' करतो. पहिल्यांदा नुसतं ऐकायचो. आता वाट बघतो. तिच्या आवाजावरून ती जेवली की नाही हे मला हल्ली खरंच थोडंफार कळतं. मध्यंतरी मी तिला चक्क विचारलं, "आवाज असा का येतोय?" ती म्हणाली, "बघा, कळलं ना तुम्हाला!" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या थंडीत तिचा फोन आला. "पप्पा, एकदा इकडं या. एका मुलाला भेटायचंय तुम्ही. माझ्याबरोबर काम करतो."

"बरं. कसा आहे?"

"ते मी नाही सांगणार. तुम्ही बघा. तुम्हाला कळेल. मागच्या वेळी मला स्वतःचं नीट सांगता येत नव्हतं आणि तुम्हाला कळलं. तुम्ही हो म्हणालात की हो, नाही म्हणालात तर मी पुढं जाणार नाही."

मी फोन ठेवला. एका माणसाबरोबर आयुष्य काढायचं की नाही, हे ती माझ्या ज्या गुणावर सोडत होती तो गुण माझ्यात नव्हता. मी तिच्या यादीत घातलेलं प्रमाणपत्र अजून चालत होतं, आणि त्यावर ती आता सर्वात मोठं पान उघडायला निघाली होती.

बायकोनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "पोरीला म्हणावं, मलाही काहीतरी कळतं," असं म्हणाली. साताऱ्याला गाडी बदलून मी डोंगर चढलो. वाटभर वाक्य जुळवत होतो. बाळा, मला कळलं नव्हतं. बाळा, मी वाचलं होतं. पाचगणी मागं पडेपर्यंत दोन्ही पाठ झाली होती.

तिची खोली छोटी आहे. खिडकीखाली टेबल, टेबलावर तोच लॅपटॉप, झाकणाच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली.

"तुम्ही बसा, मी त्याला घेऊन येते, आणि येताना दूध आणते," ती म्हणाली. "लॅपटॉप जरा बघता का? लय हळू चालतोय." सांगलीत असताना ती 'लय' म्हणत नसे. डोंगरावर शिकली.

ती गेली. मी लॅपटॉप उघडला. यादीपर्यंत जायची वाट माझ्या बोटांना माहीत होती. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांची नावं, एकाखाली एक, आणि त्यांच्यामध्ये 'घर'. कुठल्या दाराशी भलत्या जागी काढून ठेवलेल्या चपलेसारखं. मी ते निवडलं. 'काढा' असं बटण उजळलं.

दाबलं असतं तर सगळी खूण मिटली असती. तिचा लॅपटॉप स्वच्छ झाला असता. मी पाठ केलेली वाक्यं मग बोलायचीही गरज राहिली नसती, कारण दाखवायला काही उरलंच नसतं. बोट खरंच खाली गेलं होतं. मग मला तिचं ते "थँक्यू पप्पा" आठवलं. तिच्या पाठीमागं, तिनं विश्वासानं हातात दिलेल्या लॅपटॉपवर, मी दुसऱ्यांदा काहीतरी करत होतो. फरक एवढाच की ह्या वेळी पुसत होतो. मी स्क्रीनवरची ती यादी बंद केली. लॅपटॉप हळू चालत होता तो साठलेल्या कचऱ्यामुळं, तेवढा काढला.

ती आली तेव्हा तिच्याबरोबर तो मुलगा होता. उंच, विटका स्वेटर घातलेला, दुधाची पिशवी त्याच्याच हातात. त्यानं वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "हे माझे पप्पा. ह्यांना काही सांगावं लागत नाही."

तो घाबरून म्हणाला, "मग तर माझं अवघड आहे, काका."

मला तो आवडला. चहा झाला. तो बोलताना लेकीकडं बघायचा, तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचा, आणि मग विचारायचा, "म्हणजे तुला काय म्हणायचंय?" एवढा साधा प्रश्न. मी त्या मुलाकडं बघत राहिलो. जे मला एवढ्या वर्षांत जमलं नाही ते तो चहा पिता पिता करत होता.

तो गेल्यावर लेक समोर येऊन बसली. "सांगा."

जुळवलेली दोन्ही वाक्यं तोंडात होती. तिच्या चेहऱ्यावर तेच जुनं समाधान होतं, नियम पाळल्याचं. तारीख बघितली, तुम्हाला हाक मारली, आता तुम्ही सांगा.

मी म्हटलं, "मला कळत नाही, बाळा. खरंच नाही कळत. तू सांग, तुला काय वाटतं?"

हे माझ्या आयुष्यातलं सर्वात प्रामाणिक बोलणं होतं. ती हसली. तिचे डोळे भरून आले. "बघा," ती म्हणाली, "दुसरा कुठला बाप असं म्हणाला असता?" आणि मग ती तासभर त्या मुलाबद्दल बोलली. मी ऐकलं. मधे एकदा विचारलंसुद्धा. पण पुढचं वाक्य, जे ह्याच्या पाठोपाठ यायला हवं होतं, ते मी बोललो नाही. खरं बोललो तेही माझ्या मोठेपणात जमा झालं, आणि मी ते होऊ दिलं.

निघताना ती गाडीपर्यंत आली. खिडकीतून म्हणाली, "घाई नाही. तुमचं हो आलं की मग मी आईला सांगते."

ती अजून थांबली आहे. मुलगा चांगला आहे, तिला तो हवा आहे, हे तिनं मला त्या तासाभरात सांगितलं, आणि ते ऐकायला कुठलंही प्रमाणपत्र लागलं नाही. पण माझ्या होकाराची किंमत काय आहे ते आधी तिला कळायला हवं. हे लिहिलेलं मी तिला पाठवणार नाही. लिहून देणं म्हणजे माझं पुन्हा गप्प बसणंच आहे.

मी तिचं देणं लागतो ते एवढंच. तिच्यासमोर बसून, तोंडानं, 'मला कळलं नव्हतं, मी तुझी पत्रं वाचली होती' असं सांगायचं. तिला ती यादी उघडून दाखवायची, आणि त्यातलं 'घर' ठेवायचं की काढायचं ते तिच्या हातात द्यायचं. हे अजून दिलेलं नाही.